नावावर जाऊ नका: विंडोजची खरी फाइल आणि सोंग घेतलेला मालवेअर कसा ओळखायचा

टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, पहिल्यांदा उघडणारे बहुतेक जण घाबरतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो आणि 'डिटेल्स' या भागात अनोळखी नावांची लांबलचक यादी दिसते. त्यात एसव्हीसीहोस्ट हे एकच नाव साठ-सत्तर वेळाही असू शकतं. आपण कधीही न बसवलेला प्रोग्रॅम इतक्या वेळा चालू आहे म्हटल्यावर तो व्हायरसच असणार, असं वाटणं साहजिक आहे. मग ते नाव इंटरनेटवर शोधलं जातं. काही पानं म्हणतात ही विंडोजची फाइल आहे, काही म्हणतात हा व्हायरस आहे. आणि दोन्ही खरं असू शकतं.

कारण फाइलचं नाव हा पुरावाच नव्हे. मालवेअर, म्हणजे नुकसान करणारा प्रोग्रॅम, लिहिणारा आपल्या फाइलला हवं ते नाव देऊ शकतो आणि तो साहजिकच असं नाव निवडतो, ज्याला हात लावायची तुम्हाला भीती वाटेल. म्हणून नाव बाजूला ठेवून चार गोष्टी तपासायच्या: फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे, तिला कुणी सुरू केलं, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावल्यावर ती कशाच्या जोरावर परत चालू होते. या चारही गोष्टी घरबसल्या, एकही रुपया खर्च न करता तपासता येतात. इथे सगळं विंडोज १० आणि ११ धरून सांगतो आहे.

त्याआधी: ओळख पटेपर्यंत काहीही डिलीट करू नका

हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो, कारण घाईने केलेल्या डिलीटमुळे होणारं नुकसान कित्येकदा मालवेअरच्या नुकसानीपेक्षा मोठं असतं. २००१ साली जगभर एक ईमेल फिरला. त्यात लिहिलं होतं, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सल्फएनबीके नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा.' लोकांनी शोधलं, फाइल सापडली, लोकांनी ती उडवली. ती फाइल त्या वेळच्या विंडोजचीच होती, लांब फाइलनावांचा बॅकअप घेण्याच्या कामाची. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, तसाच ईमेल जेडीबीजीएमजीआर या फाइलबद्दल आला. तिचं चित्र अस्वलाच्या पिल्लाचं होतं, त्यामुळे लोकांना ती आणखीच संशयास्पद वाटली. तीही मायक्रोसॉफ्टचीच होती, जावाच्या कामाची. या दोन्ही वेळी व्हायरस कुठेच नव्हता. ईमेल वाचून घाबरलेल्या माणसानेच स्वतःच्या हाताने फाइल काढून टाकली.

अँटीव्हायरसही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधल्या खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवलं. असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, त्यांचं नेटवर्क बंद पडलं. तेव्हा सिस्टिमच्या फोल्डरमधल्या फाइलबद्दल अँटीव्हायरसने इशारा दिला तर 'क्वारंटाइन' निवडायचं, 'डिलीट' नाही. क्वारंटाइनमध्ये टाकलेली फाइल चालत नाही, पण चूक झाली असेल तर परत आणता येते.

तयारी: लपवलेलं दिसू द्या

विंडोज मुळात फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. नवशिक्याला ते बरं वाटतं, पण मालवेअरला त्याचा फार फायदा होतो. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा व्हायरस ईमेलमधून पसरला, त्याच्यासोबत आलेल्या फाइलच्या नावात आधी टीएक्सटी होतं आणि त्यापुढे व्हीबीएस. व्हीबीएस लपलेलं राहिल्यामुळे लोकांना वाटलं की ही साधी मजकुराची फाइल आहे, आणि त्यांनी ती उघडली. प्रत्यक्षात ती चालणारी स्क्रिप्ट होती. ही युक्ती आजही चालते.

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू' मध्ये जा, तिथे 'शो', आणि मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' तसंच 'हिडन आयटम्स' या दोन्हींवर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच या दोन चौकटी आहेत. आता बिल, फोटो किंवा बायोडेटा म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, बॅट, सीएमडी, व्हीबीएस, जेएस किंवा एमएसआय दिसलं तर ती कागदपत्र नव्हे, प्रोग्रॅम आहे हे लगेच कळेल. एससीआर हे स्क्रीनसेव्हरचं एक्स्टेन्शन असलं तरी तीही चालणारीच फाइल असते, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवा.

लपवलेल्या फाइल दाखवल्यावर काही फोल्डरमध्ये डेस्कटॉप.आयएनआय नावाची फाइल दिसू शकते. ती फोल्डरचं रूप लक्षात ठेवते, निरुपद्रवी आहे. तसंच पेजफाइल आणि हायबरफिल या नावांच्या, कित्येक जीबी आकाराच्या फाइल सी ड्राइव्हवर असतात. एक रॅमला पुरवणी म्हणून वापरली जाते, दुसरी कॉम्प्युटर हायबरनेट करताना. त्यांचा आकार पाहून घाबरू नका आणि जागा मोकळी करण्यासाठी त्यांच्या मागेही लागू नका. विंडोज त्यांना या चौकटीवर खूण करूनही सहसा दाखवत नाही, पण डिस्कवरची जागा मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या नक्की दिसतात.

पहिली तपासणी: फाइल कुठे आहे

टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' भागात वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'इमेज पाथ नेम' आणि 'कमांड लाइन' हे दोन रकाने लावून घ्या. एवढ्यानेच अर्धं काम होतं, कारण आता प्रत्येक नावापुढे त्याचा पूर्ण पत्ता, आणि ते कुठल्या आज्ञेने सुरू झालं ती कमांड लाइन, दिसते. एखाद्याच फाइलचा पत्ता हवा असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'.

विंडोजच्या बहुतेक मुख्य फाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, त्यातल्या सिस्टिम३२ मध्ये असतात. शेजारीच सिस्वॉव६४ नावाचं फोल्डर आहे आणि इथे नवख्यांची हमखास फसगत होते: सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइल असतात आणि सिस्वॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. नाव उलटं आहे, पण दोन्ही फोल्डर खरी आहेत. म्हणून एकाच नावाची फाइल दोन्हीकडे सापडली तर ते ठीकच. विन-एसएक्सएस या फोल्डरातही सिस्टिम फाइलच्या प्रती सापडतात. अपडेट आणि दुरुस्तीसाठी विंडोज त्या स्वतः ठेवतं.

आता नेहमी दिसणाऱ्या काही फाइलकडे जरा थांबून पाहू, कारण सोंगं बहुधा यांचीच घेतली जातात.

एसव्हीसीहोस्ट ही फाइल विंडोजच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागची कामं, चालवते: अपडेट, आवाज, वाय-फाय, प्रिंटिंग असं बरंच काही. पूर्वी एका एसव्हीसीहोस्टमध्ये पुष्कळ सर्व्हिसेस एकत्र असायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज बहुतेक सर्व्हिसेसना वेगळं एसव्हीसीहोस्ट देतं. त्यामुळे एक सर्व्हिस कोसळली तरी बाकीच्या चालू राहतात, आणि कोण किती मेमरी खातं तेही कळतं. यादीतली ती साठ-सत्तर नावं म्हणजे याचाच परिणाम. खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या कमांड लाइनमध्ये नावापुढे आडवी रेघ आणि 'के' हे अक्षर, मग गटाचं नाव असतं. राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' निवडलं की ते कुठली सर्व्हिस चालवतं ते उजळून दिसतं. कमांड लाइन कोरी आहे, सर्व्हिस एकही नाही आणि पत्ता अ‍ॅपडेटा किंवा टेम्प या, प्रोग्रॅम आपली माहिती आणि तात्पुरत्या फाइल जिथे ठेवतात त्या फोल्डरचा आहे, असं एखादं दिसलं तर ते सोंगच आहे.

एलसॅस, म्हणजे लॉगिन आणि पासवर्डची खातरजमा करणारी फाइल, फक्त एकदाच चालते. यादीत दोन दिसल्या तर दुसरी तपासायलाच हवी. तिचं नाव इंग्रजीत लहान 'एल'ने सुरू होतं, आणि काही अक्षरवळणांत लहान 'एल' आणि मोठा 'आय' सारखेच दिसतात. मालवेअरने या साधर्म्याचा वापर वर्षानुवर्षं केला आहे. एसव्हीसीहोस्टमध्ये 'व्ही' आणि 'सी' यांची अदलाबदल, 'ओ'च्या जागी शून्य, शेवटी एक जादा 'एस', हेही नेहमीचे प्रकार. संशय आला तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि कॉन्सोलाससारख्या, प्रत्येक अक्षर वेगळं दाखवणाऱ्या फाँटमध्ये मोठं करून पाहा. फोल्डरचं नावही तसंच सावकाश वाचा. 'विंडोज' या शब्दापुढे एक रिकामी जागा सोडून बनवलेली खोटी फोल्डरही सापडलेली आहेत.

सीएसआरएसएस साधारण दोनदा दिसते, एक सिस्टिमसाठी आणि एक तुमच्या लॉगिनसाठी. ती बळजबरीने बंद केली तर कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर जाऊन कोसळतो. तेव्हा 'बंद करून पाहू काय होतं ते' हा प्रयोग तिच्यावर करू नका. विनइनिट आणि सर्व्हिसेस या एकेकदाच असतात. एक्सप्लोरर मात्र सिस्टिम३२ मध्ये नसते, ती थेट विंडोज फोल्डरात असते. सिस्टिम३२ मधून एक्सप्लोरर चालताना दिसली तर तो वाईट संकेत समजा.

'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के प्रोसेसर वापरते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे ते सांगतो. जितका मोठा, तितकं चांगलं.

इतकं झाल्यावर एक सावधगिरीही सांगायला हवी. पत्ता सिस्टिम३२ चा नाही म्हणून फाइल वाईट, असं होत नाही. विंडोजच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसची मुख्य फाइल, एमएसएमपीईएनजी, ही प्रोग्रॅमडेटा फोल्डरातून चालते. झूम, डिस्कॉर्ड असे अनेक चांगले प्रोग्रॅम स्वतःला अ‍ॅपडेटामध्ये बसवतात, कारण तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही. मालवेअरही नेमकं याच कारणासाठी तिथे बसतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: हे नाव या पत्त्यावर असायला हवं का? झूम अ‍ॅपडेटामध्ये असेल तर हरकत नाही. एलसॅस अ‍ॅपडेटामध्ये असेल तर मात्र शंभर टक्के गडबड. आणि काही संरक्षित फाइलच्या बाबतीत टास्क मॅनेजर पत्ता दाखवतच नाही किंवा रकाना रिकामा सोडतो, निव्वळ त्यावरून संशय घेऊ नका.

दुसरी तपासणी: सही कुणाची

फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज'. तिथल्या 'डिटेल्स' टॅबवर कंपनीचं नाव 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' असं लिहिलेलं दिसेल. त्याला काडीचीही किंमत देऊ नका. तो निव्वळ मजकूर आहे आणि फाइल बनवणारा तिथे काहीही लिहू शकतो. पोलिसाचा गणवेश कुणीही शिवून घेईल, ओळखपत्र मागितल्यावर खरं काय ते कळतं. इथलं ओळखपत्र म्हणजे 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब. त्यातली सही निवडून 'डिटेल्स' दाबलं की विंडोज स्वतः पडताळून सांगतं की सही ठीक आहे की नाही. फाइलमध्ये एका अक्षराचा जरी बदल झाला असेल तरी ही पडताळणी फसते.

पण नोटपॅडसारख्या विंडोजच्या अनेक अस्सल फाइलवर हा टॅबच नसतो, आणि इथे चांगले अनुभवी लोकही घोटाळा करतात. त्यांची सही फाइलच्या आत नसून वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये ठेवलेली असते. टॅब दिसला नाही म्हणून फाइल खोटी ठरवली तर निम्मं विंडोज खोटं ठरेल.

यावर उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन, प्रोसेस एक्सप्लोरर. ते सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. हा संच मार्क रसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. इन्स्टॉल करावं लागत नाही. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडा, 'ऑप्शन्स' मध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू करा. आता 'व्हेरिफाइड साइनर' या रकान्यात प्रत्येक प्रोसेसपुढे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमपुढे, सही पडताळून दिसते, कॅटलॉगमधली सहीसुद्धा. विंडोजच्या मुख्य फाइलपुढे 'मायक्रोसॉफ्ट विंडोज' किंवा 'मायक्रोसॉफ्ट विंडोज पब्लिशर' असं यायला हवं. सिस्टिम फाइलचं नाव आहे आणि सही नाही, असं जुळलं तर प्रकरण गंभीर आहे.

सही नाही म्हणजे मालवेअर, असं मात्र नाही. एकट्याने बनवलेल्या कितीतरी उपयोगी छोट्या प्रोग्रॅमवर सही नसते, कारण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. उलट बाजूही खरी आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांची चोरलेली सही होती. २०१७ मध्ये कॉम्प्युटरची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवला, आणि ती आवृत्ती कंपनीच्या अस्सल सहीसकटच लोकांपर्यंत पोचली. अशा घटना विरळ असतात. घरच्या कॉम्प्युटरसाठी वैध सही हा भक्कम पुरावाच आहे, फक्त तो एकमेव पुरावा मानू नये.

तिसरी तपासणी: कुणी सुरू केलं

प्रोसेस एक्सप्लोररची खरी ताकद त्याच्या झाडासारख्या मांडणीत आहे. कुठल्या प्रोसेसने कुणाला जन्म दिला ते त्यात दिसतं. विनइनिटच्या खाली सर्व्हिसेस आणि एलसॅस, सर्व्हिसेसच्या खाली सगळी एसव्हीसीहोस्ट, हा ठरलेला क्रम आहे. तुमचा ब्राउझर, वर्ड आणि गेम बहुतेक वेळा एक्सप्लोररच्या खाली दिसतील, कारण तुम्ही ते डेस्कटॉपवरून उघडलेले असतात. एखादं एसव्हीसीहोस्ट एक्सप्लोररच्या किंवा वर्डच्या खाली लटकलेलं दिसलं तर ते तिथलं नाही.

सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन आणि एक्सप्लोरर यांना मात्र वर कुणीच दिसत नाही. त्यांना सुरू करणारी प्रोसेस आपलं काम आटोपून बंद झालेली असते, म्हणून त्या थेट डाव्या कडेला उभ्या असतात. यात काही वावगं नाही.

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, त्याचं कारण आजकालच्या मालवेअरची पद्धत. पुष्कळदा त्यात खोटी फाइल नसतेच. पॉवरशेल, रनडीएलएल३२, एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट ही आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारी विंडोजचीच अस्सल, सही असलेली साधनं तो कामाला लावतो. पत्ता बरोबर, सही बरोबर, आणि काम चोरीचं. अशा वेळी कमांड लाइन आणि जन्मदाता या दोनच गोष्टी खरं सांगतात. वर्ड किंवा एक्सेलच्या खाली पॉवरशेल चालू झालं असेल, कमांडमध्ये वाचता न येणाऱ्या अक्षरांची लांब माळ असेल, किंवा रनडीएलएल३२ टेम्प फोल्डरमधली डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडची फाइल, उघडत असेल, तर फाइल अस्सल आहे म्हणून समाधान मानू नका. त्याचप्रमाणे एखादी वेबसाइट 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून विंडोजचं बटण आणि आर दाबायला, मग कंट्रोल-व्ही करून एंटर मारायला सांगत असेल, तर ती तुमच्याच हातून पॉवरशेल चालवून घेते आहे. ते पान लगेच बंद करा.

दुसऱ्याचं मत: व्हायरसटोटल

इथवर येऊनही निकाल लागत नसेल तर फाइलचा हॅश काढून व्हायरसटोटलवर शोधा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची ओळ. एसएचए-२५६ या पद्धतीने ती ६४ अक्षरांची येते आणि व्यवहारात प्रत्येक फाइलची वेगळी असते. नाव बदललं तरी हॅश बदलत नाही, म्हणून नाव शोधण्यापेक्षा तो शोधणं कितीतरी पटींनी भरवशाचं. व्हायरसटोटल ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये गुगलने घेतली. अनेक अँटीव्हायरस एका फाइलबद्दल काय म्हणतात ते ती एकत्र दाखवते. प्रोसेस एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'चेक व्हायरसटोटल' आहे, ते चालू केलं की चालत असलेल्या सगळ्या प्रोसेसचे हॅश आपोआप तपासले जातात.

त्याच मेनूत अनोळखी फाइल पाठवून देण्याचाही पर्याय आहे, तो बंदच ठेवा. व्हायरसटोटलवर अपलोड केलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर लोकांना उतरवून घेता येते. खासगी कागदपत्रं तर तिथे कधीच चढवू नका. हॅश शोधण्यात असा धोका नाही.

सत्तरेक अँटीव्हायरसपैकी एक-दोघांनीच, तेही फारशा नावाजलेल्या नसलेल्यांनी, लाल झेंडा दाखवला तर तो बहुधा चुकीचा इशारा असतो. वीस-पंचवीस जणांनी दाखवला तर चर्चा संपली. आणि हॅश सापडलाच नाही, म्हणजे ही फाइल तिथे आजवर कुणीच तपासलेली नाही, तर? विंडोजची सिस्टिम फाइल म्हणवणाऱ्या फाइलच्या बाबतीत ते फारच विचित्र आहे, कारण तीच फाइल जगभरच्या असंख्य कॉम्प्युटरवर असते.

चौथी तपासणी: परत कशी चालू होते

मालवेअरला टिकायचं असेल तर रीस्टार्टनंतर परत उठण्याची सोय करावी लागते. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात यातलं थोडंच दिसतं. सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स हे साधन रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्ज साठवणारी यादी), टास्क शेड्युलर, सर्व्हिसेस, ड्रायव्हर अशा सगळ्या जागा दाखवतं. यादी प्रचंड मोठी असते, म्हणून 'ऑप्शन्स' मधलं सही पडताळणं चालू करा आणि 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' निवडा. उरलेली यादी आवाक्यात येते. संशय असलेल्या ओळीपुढची खूण काढायची, ओळ डिलीट करायची नाही. खूण काढली की ती सुरू होत नाही, आणि चूक ठरल्यास खूण परत करता येते. खूण काढून रीस्टार्ट केल्यावर ती आपोआप परत आलेली दिसली, तर दुसरं काहीतरी तिला राखतं आहे.

आणखी एक जागा आवर्जून पाहा, जी सहसा कुणी पाहत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्याच्या सेटिंग्जमध्ये खालच्या बाजूला 'एक्सक्लूजन्स'. इथे लिहिलेली फोल्डर डिफेंडर तपासत नाही. साध्या घरगुती कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी. तुम्ही न टाकलेलं एखादं फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह तिथे दिसला, तर मालवेअरने स्वतःची सोय करून घेतली आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बसवताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, ती याचसाठी.

संशय पक्का झाला तर

पहिलं काम इंटरनेट तोडणं: वाय-फाय बंद, केबल काढा. त्या कॉम्प्युटरवर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड टाइप करू नका. फाइलचा पूर्ण पत्ता आणि हॅश कागदावर किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पुढे मदत घ्यायची झाली तर हेच कामाला येतं.

मग विंडोज सिक्युरिटीमधल्या 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच स्कॅन होतो. त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या मालवेअरला लपायला जागा उरत नाही. साधारण पाव तास लागतो. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्स वापरता येईल. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवण्यात अर्थ नाही.

स्कॅनने काही काढलं असेल तर सिस्टिमच्या फाइल शाबूत आहेत का ते पाहा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक जागा, तिरकी रेघ (/), आणि तिला लागून स्कॅननाऊ असं टाइप करा. हे साधन संरक्षित सिस्टिम फाइल तपासून बिघडलेल्या फाइल मूळ प्रतीवरून परत बसवतं. 'अमुक डीएलएल सापडली नाही' असा संदेश आला तर ती डीएलएल देणाऱ्या साइट शोधू नका. तिथून आलेली फाइल कुठली, कुणाची, याचा काहीच भरवसा नसतो. ती कुठल्या प्रोग्रॅमची आहे ते पाहून तो प्रोग्रॅमच पुन्हा बसवा.

या सगळ्या काळात स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा फलक आला तर तो फसवणुकीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. असे लोक दूरवरून तुमचा कॉम्प्युटर ताब्यात घेतात आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवून घाबरवतात. धडधाकट कॉम्प्युटरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही अशा खुणा ढिगाने असतात.

आता स्पष्ट सांगतो. पासवर्ड चोरणारा किंवा दूरवरून ताबा देणारा मालवेअर सापडला असेल, किंवा साफ केल्यावरही तो परत येत असेल, तर साफसफाईच्या मागे लागण्यापेक्षा विंडोज नव्याने बसवा. खात्रीने सुटण्याचा तोच मार्ग आहे. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा आणि बसवताना जुनी पार्टिशन पुसून टाका. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा कॉम्प्युटर पेलत असेल तर याच वेळी ११ वर जा. बॅकअपमधून फोटो, कागदपत्रं परत घ्या. ईएक्सई आणि इन्स्टॉलर घेऊ नका, ते मूळ जागेवरून नव्याने उतरवा.

पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, आणि सुरुवात ईमेलच्या पासवर्डपासून करायची, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोरी करणारे मालवेअर ब्राउझरमधल्या, तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीही नेतात आणि त्यांच्या आधारे पासवर्डशिवायच तुमच्या खात्यात शिरता येतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खात्याच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, अनोळखी उपकरणं काढून टाका, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि ईमेलमध्ये तुम्ही न लावलेला एखादा फॉरवर्डिंगचा नियम तर नाही ना, तेही पाहून घ्या.